घरगुती ऊर्जा आणि शासकीय धोरण : महाराष्ट्राच्या अनुभवाचा ऐतिहासिक आढावा (१८९७ ते २०२४)

सारांश

घर पर्यावरणस्नेही करणे हा आज वैयक्तिक निवडीचा विषय मानला जातो. प्रत्यक्षात घरातील चूल, दिवा आणि पाणी तापविण्याचे साधन यांचा इतिहास शासकीय धोरण, बाजारपेठ, जात आणि स्त्रियांचे श्रम यांच्याशी जोडलेला आहे. प्रस्तुत निबंधात गोबरगॅस, सुधारित चूल, सौर बंब, एलईडी दिवे व छतावरील सौरऊर्जा या पाच साधनांच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचा आढावा घेतला आहे. बसविलेल्या साधनांची संख्या हेच यशाचे माप मानल्यामुळे अनेक योजनांचे मूल्यमापन सदोष झाले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

इतिहासलेखनात ऊर्जेचा विचार बहुधा कोळसा, पोलाद, रेल्वे आणि धरणे यांच्या संदर्भात केला जातो. कोयना प्रकल्पावर लिहिले जाते, स्वयंपाकघरातील चुलीवर फारसे लिहिले जात नाही. याचे एक कारण साधनांच्या उपलब्धतेत आहे. कारखान्यात जळालेल्या कोळशाची नोंद होते, घरात जळालेल्या गोवरीची होत नाही. ती विकत घेतली जात नाही, म्हणून हिशेबात येत नाही, आणि हिशेबात येत नाही म्हणून धोरणातही उशिरा येते. गोवरी थापणारे, सरपण वाहणारे आणि धुरात बसणारे हात बहुतांशी स्त्रियांचे असल्यामुळे ही अनुपस्थिती दुहेरी ठरते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ जाहीर केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसविण्याचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना घरगुती ऊर्जेच्या क्षेत्रातील पहिली मोठी योजना नव्हे. तिच्या आधीच्या योजनांनी काय साधले आणि काय साधले नाही, हे तपासणे म्हणूनच उपयुक्त आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

१) महाराष्ट्रातील घरगुती स्वच्छ ऊर्जेच्या प्रयत्नांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) या प्रयत्नांच्या यशापयशाची सामाजिक व आर्थिक कारणे शोधणे.
३) ऊर्जा धोरणाच्या घडणीतील नागरिकांच्या सहभागाचे स्वरूप स्पष्ट करणे.

विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. राष्ट्रीय पातळीवरील घडामोडींचा उल्लेख महाराष्ट्राशी संबंध येईल तेवढ्यापुरताच आहे.

पारंपरिक घराची ऊर्जाव्यवस्था

पारंपरिक मराठी घरात चुलीला लागून वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी होत असताना बाजूच्या वैलावर आमटी रटरटत राही अथवा दूध तापत राही. मुख्य जाळाची वाया जाणारी धग वापरण्याची ही सोय होती. राख भांडी घासण्यास, शेण सारवणास, खतास आणि गोवऱ्यांस, तुरीची व कपाशीची वाळलेली झाडे जळणास, अशी प्रत्येक वस्तूची वाटणी ठरलेली होती. या व्यवस्थेत काटकसर होती हे मान्य करावे लागते.

तथापि तिचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. साध्या चुलीत जळणातील उष्णतेचा साधारणपणे दहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचतो. उरलेल्या जळणाची किंमत डोक्यावरच्या मोळीच्या रूपाने आणि घरात कोंडणाऱ्या धुराच्या रूपाने स्त्रीला मोजावी लागत असे. शिवाय शेण जाळावे की शेतात टाकावे, हा पेच प्रत्येक शेतकरी कुटुंबासमोर होता. शेण जाळल्याने शेताचे खत जाते, ही चिंता कृषितज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकापासूनच व्यक्त केली होती. गोबरगॅसच्या कल्पनेचे आकर्षण नेमके येथे होते. तिच्यात शेणापासून जळणही मिळते आणि खतही शिल्लक राहते.

माटुंगा ते ‘ग्रामलक्ष्मी’

भारतातील जैववायूच्या वापराचा सर्वांत जुना व वारंवार उल्लेखिला जाणारा दाखला मुंबईचा आहे. माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानात १८९७ मध्ये मैल्यापासून निर्माण होणारा वायू गोळा करून दिवाबत्तीसाठी वापरण्यात आला. समाजाने बहिष्कृत केलेल्या माणसांच्या वसाहतीत आणि त्याज्य मानलेल्या पदार्थापासून हा आरंभ व्हावा, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक आहे.

शेणावरील पद्धतशीर प्रयोग मात्र १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी केले. त्यानंतर जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे संयंत्र विकसित केले. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते स्वीकारले आणि १९६१-६२ पासून त्याच्या प्रसाराचा कार्यक्रम हाती घेतला.

या संयंत्राची रचना सोपी होती. जमिनीत बांधलेल्या विटांच्या विहिरीत शेण व पाणी समप्रमाणात कालवून सोडावयाचे. हवेच्या अभावी ते आंबते व त्यातून निम्म्याहून अधिक मिथेन असलेला वायू तयार होतो. विहिरीवर पालथा घातलेला लोखंडी पिंप वायू साठेल तसा वर येतो व वापरला जाईल तसा खाली बसतो. बाहेर पडणारा पातळ मळीसारखा रबडा उत्तम खत असतो. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. म्हणजे दोन घनमीटर वायूसाठी रोज ५० किलो शेण, अर्थात चार ते पाच जनावरे हवीत. तेवढ्यात लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो.

या आकडेवारीतच योजनेची सामाजिक मर्यादा दडलेली आहे. चार-पाच जनावरे, विहिरीपुरती मोकळी जागा, रोजचे पाणी आणि लोखंडी पिंपाचा खर्च हे सर्व ज्याच्याकडे आहे तो बागायतदार किंवा मध्यम शेतकरी असतो. भूमिहीन मजुराकडे यांतील काहीच नसते. इतकेच नव्हे, तर पूर्वी रस्त्यावरून फुकट वेचता येणारे शेण संयंत्रामुळे मोलाचे होते आणि ज्यांचे जळण त्यावर अवलंबून असते त्यांची अडचण वाढू शकते. १९७० च्या दशकात गोबरगॅसवर झालेल्या चर्चेत हा आक्षेप गांभीर्याने घेतला गेला होता. अनुदानाच्या नियमांत मात्र त्याचे प्रतिबिंब क्वचितच पडले.

देहूचा प्रयोग

शेण नसलेल्या कुटुंबाचे काय, या प्रश्नाचे एक उत्तर देहू येथे शोधले गेले. १९६० च्या आसपास डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. उघड्यावरील शौचामुळे होणाऱ्या रोगांवर औषधे देत बसण्यापेक्षा शौचालये बांधावीत, असे त्यांनी ठरविले. सुरुवातीला बांधलेली शौचालये पहिल्याच पावसाळ्यात ढासळली. पुढे त्यांना अप्पासाहेब पटवर्धन यांचे मार्गदर्शन लाभले. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब (१८९४-१९७१) यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करण्याची परवानगी मिळावी यासाठी उपोषण केले होते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी शौचालय, खत व वायू यांवर प्रयोग केले. मैला हाताने उचलण्याचे काम कोणाच्याही वाट्याला येऊ नये, हा त्यांच्या प्रयोगांचा गाभा होता.

मापुसकरांनी या विचाराला तांत्रिक रूप देऊन शौचालयाला जोडलेली ‘मलप्रभा’ जैववायू संयंत्रे उभारली. मैल्याच्या वायूवर शिजवलेले अन्न खाण्याबाबत लोकांच्या मनात असलेली किळस हा येथील मोठा अडसर होता, आणि तिचे मूळ शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांत होते. ती दूर होण्यास वर्षानुवर्षांचा संवाद लागला. डॉ. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने त्यांच्या कार्याचे महत्त्व असे, की एकच व्यक्ती दीर्घकाळ त्याच गावात राहिली. पहिली रचना फसल्यावर ती दुरुस्त करण्यासाठी कोणीतरी तेथे होते.

तेलसंकट आणि राज्यसंस्थेचा प्रवेश

रॉकेलच्या स्टोव्हमुळे विसाव्या शतकात शहरी स्वयंपाकघर बदलले होते. त्याबरोबर घरगुती इंधन हा राजकीय प्रश्नही बनला. १९७२ च्या दुष्काळी वर्षात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात स्त्रियांचे मोर्चे निघाले आणि लाटणे हे त्यांचे प्रतीक ठरले. स्वयंपाकघरातील टंचाईचा जाब रस्त्यावर येऊन विचारता येतो, हे त्या आंदोलनाने दाखवून दिले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अपारंपरिक ऊर्जेला शासकीय महत्त्व आले. १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग, १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग आणि १९९२ मध्ये मंत्रालय असा संस्थात्मक विस्तार झाला. महाराष्ट्रात १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘महाऊर्जा’ ही संस्था स्थापन झाली. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प सुरू झाला. लोखंडी पिंप गंजते व महाग पडते, म्हणून पक्क्या घुमटाची ‘जनता’ (१९७८) आणि अधिक स्वस्त ‘दीनबंधू’ (१९८४) ही प्रारूपे आली. देशभरात आजवर सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रे बांधली गेली आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा अग्रगण्य राहिला.

मात्र ही संख्या बांधलेल्या संयंत्रांची आहे, चालू संयंत्रांची नव्हे. अनुदान बांधकाम पूर्ण होताच मिळे. पुढे घुमटाला तडा गेला, वाहिनीत पाणी साचले, थंडीत वायू कमी झाला किंवा दुष्काळात जनावरे विकावी लागली, तर त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नसे. पक्का घुमट बांधण्यास कुशल गवंडी लागतो. उद्दिष्टपूर्तीच्या घाईत असा गवंडी न मिळाल्यास सुरुवातीपासूनच गळती राही. बंद पडलेल्या संयंत्राचा दोष पुष्कळदा शेतकऱ्याच्या ‘अज्ञाना’वर ढकलला गेला. वस्तुतः रोज ५० किलो शेण कालवण्याचे काम घरातील कोणी करावयाचे आणि त्यासाठीचे पाणी कोणी भरावयाचे, हा प्रश्न विचारला असता तर अनेक संयंत्रांचे भवितव्य आधीच सांगता आले असते.

सुधारित चुलीचा धडा

हीच प्रक्रिया राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात अधिक ठळकपणे दिसते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली वाटण्यात आल्या. धुराडे असलेली, कमी जळण खाणारी चूल ही कल्पना योग्यच होती. परंतु एकाच साच्यातील चूल भाकरीच्या तव्याला, गुरांच्या आंबोणाच्या मोठ्या पातेल्याला आणि वेगवेगळ्या जळणाला सारखी चालत नाही. धुराड्यातील काजळी काढली नाही तर धूर उलट घरात येतो. मातीची चूल पावसाळ्यानंतर डागडुजी मागते, आणि तिची पारंपरिक डागडुजी करणाऱ्या स्त्रीला नव्या रचनेची मापे कोणी समजावून दिलेली नसत.

महाराष्ट्रात या संदर्भात पुण्याच्या ‘आरती’ अर्थात समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने वेगळा मार्ग चोखाळला. डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने ‘लक्ष्मी’सारख्या चुलींची प्रारूपे तयार केली आणि कुंभार व ग्रामीण स्त्रियांना त्या बनविण्याचे व विकण्याचे प्रशिक्षण दिले. विकत घेतलेल्या चुलीची चौकशी ग्राहक करतो आणि बनविणाऱ्याला पुन्हा त्याच गावात विक्री करावयाची असते, त्यामुळे दुरुस्तीची साखळी आपोआप निर्माण होते, हा त्यामागील विचार होता.

याच संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा बनविण्याच्या तंत्राबद्दल २००२ मध्ये आणि स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या जैववायू संयंत्राबद्दल २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळविला. दुसऱ्या संयंत्रामागचे तर्कशास्त्र लक्षणीय आहे. शेण हा जनावराने पचवून उरलेला पदार्थ आहे. उरलेले अन्न किंवा पीठ यांत मात्र जिवाणूंसाठी पुष्कळ खाद्य असते. त्यामुळे थोड्या किलो खरकट्यावर प्लॅस्टिकच्या टाक्यांपासून बनविलेले संयंत्र चालते आणि जनावरे नसलेल्या शहरी कुटुंबालाही ते वापरता येते. अर्थात त्यासही रोजची देखभाल चुकत नाही.

सिलिंडर : सोय आणि परावलंबन

बर्मा शेल कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत घरगुती गॅस आणला. पुढे तो मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचे चिन्ह बनला व नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा विषय झाला. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे जोडणी देण्याचे धोरण स्वीकारले. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटींवी जोडणी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मधील ४३.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्क्यांवर गेले. हे यश नाकारता येत नाही. तरीही जोडणी असणे आणि सिलिंडर पुन्हा भरून घेणे या दोन भिन्न बाबी आहेत. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला एकरकमी पैसे उभे करणे कठीण जाते व चूल कोपऱ्यात धुमसत राहते. शिवाय हा वायू खनिज इंधनच आहे आणि मोठ्या प्रमाणात आयात होतो. धुरापासून सुटका आणि खनिज इंधनापासून सुटका ही दोन उद्दिष्टे येथे एकरूप होत नाहीत, याची जाणीव ठेवणे आवश्यक आहे.

बंब, दिवा आणि छत : शहरी अनुभव

पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब हे मराठी घराचे एक ओळखीचे साधन होते. त्याची जागा प्रथम विजेच्या गिझरने व नंतर अनेक घरांत सौर बंबाने घेतली. पुणे महानगरपालिकेने सौर बंब, पर्जन्यजलसंचय व गांडूळखत प्रकल्प करणाऱ्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत दिली. हे साधन रुजण्याची कारणे स्पष्ट आहेत. कोवळ्या उन्हातही ते चालते, रोजचे श्रम मागत नाही आणि बिलातील फरक त्याच महिन्यात दिसतो. मात्र छतावर ज्याचा हक्क आहे त्यालाच ते बसविता येते. भाडेकरू, चाळकरी व झोपडपट्टीवासी यांना ते अप्राप्य राहते. गोबरगॅसला जशी जनावरांची अट होती, तशी येथे छताची अट आहे.

एलईडी दिव्याचा अनुभव याच्या उलट आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत शासकीय कंपनीने घाऊक खरेदी केली. २०१४ च्या आरंभी सुमारे ३१० रुपये असलेली दिव्याची खरेदी किंमत २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली आणि पुढे ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याचे काम ९ वॅटमध्ये होऊ लागले. भाडेकरूही दिवा बदलू शकतो, हे या योजनेच्या यशाचे साधे कारण होय.

धोरणनिर्मिती आणि नागरिक

घरातील बचत आणि राज्याचे वीज धोरण यांचा संबंध महाराष्ट्रात एन्रॉन प्रकरणाने उघड केला. १९९२ मध्ये सामंजस्य करार झालेला दाभोळ प्रकल्प महाग विजेच्या वादातून २००१ मध्ये बंद पडला. त्या काळात पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील गिरीश संत, शंतनू दीक्षित आदी अभ्यासकांनी करारातील आर्थिक भाराचे विश्लेषण लोकांसमोर मांडले. बंगळूरचे डॉ. अमूल्य रेड्डी यांच्या विचारसरणीचा आधार घेऊन त्यांनी असेही दाखविले, की कार्यक्षम दिवे व पंप यांतून वाचणारी वीज नव्या प्रकल्पाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते. घरातील दिवा बदलणे हा नियोजनाचा पर्याय ठरू शकतो, ही मांडणी पुढे राष्ट्रीय धोरणाने प्रत्यक्षात स्वीकारली.

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढील जाहीर सुनावण्यांमुळे सामान्य ग्राहकाला दरनिश्चितीवर हरकत घेण्याचे व्यासपीठ मिळाले. २०१५ मध्ये आयोगाने छतावरील सौर विजेसाठी नेट मीटरिंगचे विनियम केले, म्हणजे घराने ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होऊ लागली. सौर पॅनेलचे अर्थशास्त्र या एका नियमावर अवलंबून असते, हे लक्षात घेतल्यास सुनावणीला उपस्थित राहणे हेही घर पर्यावरणस्नेही करण्याचेच एक अंग ठरते.

निष्कर्ष

१) घरगुती ऊर्जेच्या योजना लोकांच्या अज्ञानामुळे फसल्या, हे मत टिकत नाही. रोजचे श्रम, देखभालीचा खर्च व जळणाची उपलब्धता यांचा विचार करून कुटुंबांनी घेतलेले निर्णय बहुधा व्यवहार्य होते.
२) बसविलेल्या साधनांची संख्या हे अपुरे माप आहे. पाच वर्षांनंतर किती साधने वापरात आहेत, याची नोंद हेच खरे माप मानावे लागेल.
३) प्रत्येक साधनाला मालकीची एक अदृश्य अट असते. गोबरगॅसला जनावरे लागतात, सौर साधनांना छत लागते, सिलिंडरला रोख रक्कम लागते. अट पूर्ण न करणाऱ्यांसाठी पर्यायी व्यवस्था नसेल तर अनुदान सधनांकडेच वळते.
४) दुरुस्ती करणारी व्यक्ती जवळ असणे हा देहूच्या आणि ग्रामीण चूल-उद्योजकांच्या अनुभवातील समान घटक आहे.
५) घरगुती बचतीला दर, नियम व करसवलत यांची जोड मिळते तेव्हाच ती टिकते. म्हणून धोरणप्रक्रियेतील नागरिकांचा सहभाग अनिवार्य आहे.

सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट व त्याहून अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. उर्वरित रक्कम, स्वतःच्या मालकीचे छत आणि पुढील देखभाल ही जबाबदारी कुटुंबाची आहे. उपरोक्त निष्कर्षांच्या प्रकाशात या योजनेकडे पाहता, सामुदायिक छतांवरील प्रकल्पांत भाडेकरूंना वाटा देणे, गावपातळीवर तंत्रज्ञ घडविणे आणि चालू संचांची वार्षिक मोजदाद करणे या तीन बाबी निकडीच्या वाटतात. यांपैकी शेवटची बाब महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. आपल्या परिसरातील जुनी गोबरगॅस संयंत्रे, सुधारित चुली व सौर संच यांची पाहणी राष्ट्रीय सेवा योजना आणि इतिहास, अर्थशास्त्र व भूगोल विभाग यांनी एकत्रितपणे केल्यास शासकीय तक्त्यांत नसलेला इतिहास उपलब्ध होईल. ज्या स्त्रियांनी ही साधने वापरली किंवा बाजूला ठेवली, त्यांपैकी पहिल्या पिढीतील अनेकजणी आज वयोवृद्ध आहेत. त्यांच्या साक्षी नोंदविण्यास विलंब झाल्यास हे साधन कायमचे गमावले जाईल.